एका बैलाची जोडी

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दाजींनी पत्र्याची हिरवी ट्रंक विकत आणली आणि त्याच दिवशी आक्काने राहुरी सोडायची नाही असं ठरवलं. ट्रंक पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली गेली. पुढचे काही महिने आम्ही तिच्यावर बसून चहा प्यायलो, पण तिच्याबद्दल कुणी बोललं नाही.

आक्का माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. नगर-मनमाड रस्त्यावर त्यांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी त्या दुकानापुढे बैलगाड्या लागायच्या आणि प्रत्येक गाडीत एक आजारी इंजिन असायचं. मग गावोगाव वीज आली. विहिरीवर मोटार बसली की नुसतं बटण दाबायचं. हँडल मारून मनगट सुजवून घ्यायची हौस कुणाला राहणार? त्यावर बहात्तरचा दुष्काळ आला आणि विहिरींनीच दोघांचा निकाल लावला. पाणीच नसल्यावर इंजिन काय आणि मोटार काय. दाजींना पुण्याजवळच्या एका कारखान्यात फिटरची जागा मिळत होती. आक्काचं म्हणणं, "तिथं खोली मिळंल, पण दार उघडल्यावर दुसऱ्याचं दार दिसंल. मी नाही यायची." आणि ती नाही म्हणाली की दाजी विषय बदलत.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो. बी.ए. झालो होतो आणि त्यापलीकडे काही झालो नव्हतो. नगरच्या वाचनालयातली पुस्तकं आणायची, वाचायची, परत करायची, असा माझा उद्योग होता. आक्का मला नावाने हाक मारायची सोडून "बी.ए." म्हणू लागली होती. त्यात कौतुक नव्हतं.

अशा वेळी टिलरची एजन्सी आली. टिलर म्हणजे दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर. पुढे डिझेल इंजिन, मागे माती फोडणारी फिरती पाती आणि त्याच्याही मागे दोन लांब मुठी. त्या मुठी धरून माणसाने चालायचं. दाजींना इंजिनातलं कळत होतं आणि रस्त्यावर दुकान होतं, म्हणून कंपनीने त्यांना धरलं. अट एवढीच की पाठवलेली यंत्रं दसऱ्यापर्यंत खपली पाहिजेत. नाहीतर एजन्सी समोरच्या ट्रॅक्टरवाल्या शेठकडे जाईल. एजन्सी गेली की दुकान गेलं आणि दुकान गेलं की ट्रंक भरायची. हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं.

कंपनीने रंगीत पत्रकं पाठवली होती. त्यांवर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक हसरा शेतकरी टिलर चालवत होता. त्याच्या पायातले बूट स्वच्छ होते. नांगरटीत बूट स्वच्छ ठेवणारा माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही, पण पत्रकात सगळं शक्य असतं. खाली लिहिलं होतं की हे यंत्र दोन बैलांचं काम करतं, चारा खात नाही आणि लाथ मारत नाही. शेवटचा दावा हँडल मारायच्या आधी लिहिलेला असावा.

दाजींच्या डोक्यात बसलं होतं की उद्घाटन मोठ्या माणसाच्या हातून झालं पाहिजे. आक्का म्हणाली, "मोठा माणूस टिलर घेणार हाय का?"

"तो नाही घेणार, पण त्याला बघून लोक घेतील."

"लोक त्याला बघतील," आक्का म्हणाली. तरी मांडवाचे खांब रोवायला तिनेच दोरी धरली.

आषाढात, जमिनीत ओल झाल्यावर, गावाबाहेरच्या एका रानात मांडव पडला. तालुक्यातले एक वजनदार पुढारी अध्यक्ष म्हणून आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पायात चकचकीत पंपशू. हार झाले, नारळ झाला. मग त्यांनी भाषण केलं. बळीराजाची पिढ्यान्पिढ्यांची पायपीट आता संपली आहे, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. टाळ्याही झाल्या. त्यानंतर दाजींनी अत्यंत आदराने त्यांना मांडवाच्या कडेला नेलं, टिलरच्या मुठी हातात दिल्या आणि पहिलं तास, म्हणजे नांगरटीची पहिली ओळ, काढायची विनंती केली.

त्यांना वाटलं होतं की वर बसायचं असेल. टिलरला वर असं काही नव्हतंच. पाती जमिनीत गेली, यंत्राने हिसका दिला आणि साहेब निघाले. चालू कसं करायचं ते दाजींनी सांगितलं होतं; थांबवायचं कसं ते हार-तुऱ्यांत राहून गेलं होतं. साहेबांनी मुठी सोडायला हव्या होत्या. पण पुढारीपणात हातातलं सोडायची सवय नसते. ते धावत राहिले. एक पंपशू चिखलात रुतून मागे राहिला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सायेब, पायपीट कवा संपायची?"

दुसरा म्हणाला, "कासरा सोडू नगा!"

दाजींनी पळत जाऊन यंत्र थांबवलं तोवर तास बांधाला जाऊन भिडलं होतं. तास मात्र सरळ आलं होतं. अध्यक्षांनी धोतर सावरलं, पंपशू मागितला आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय असं सांगून ते गेले. त्या रात्रीपर्यंत ही हकिकत देवळाली प्रवरापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानात माणसं येऊ लागली. ती टिलर बघायला येत, हसत आणि जात. "चालायचंच आसंल तर बैल काय वाईट हुता?" हा प्रश्न प्रत्येकजण आपल्यालाच सुचला अशा थाटात विचारायचा.

समोरच्या शेठच्या दारात मांडवाखाली एक लाल ट्रॅक्टर उभा असायचा. तो विकायचा नव्हता, दाखवायचा होता. खऱ्या ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट बघावी लागे आणि वाट बघणारे लोक अधूनमधून येऊन त्या ट्रॅक्टरवर बसून जात. कुणी फोटोवाल्याला बरोबर आणत. बायका मडगार्डावर हात फिरवून बघत, कारण लग्नाला जाताना त्यांना तिथे बसायचं असे. शेठ माणूस सरळ होता. एकदा आमच्याकडे चहाला आला तेव्हा ट्रंकेवर बसून म्हणाला, "ताई, रागावू नका. माणूस रान नांगरायला ट्रॅक्टर घेत न्हाई, वर बसायला घेतो. नांगरट वरकड. तुमच्या यंत्राला बैठक न्हाई, त्यात तुमचा काय दोष?"

"म्हणजे एजन्सी तुमाला हवी हाय," आक्का म्हणाली.

"मला न्हाई हवी. कंपनी गळ्यात मारतीय. मी ती यंत्रं मागं गोदामात ठेवीन आन् वर ताडपत्री टाकीन."

हे त्याने इतक्या मोकळेपणाने सांगितलं की आक्काला रागावताही येईना. तो गेल्यावर तिने कप उचलले आणि मला म्हणाली, "बी.ए., उद्यापासून पुस्तकं बंद. यंत्र घेऊन गावात जायचं. ज्याचं रान पडलंय त्याचं फुकट नांगरून द्यायचं."

"आणि हसले तर?"

"हसू दे. हसणारा माणूस थांबतो. थांबलेल्याला दाखवता येतं."

असं आमचं फिरणं सुरू झालं. ट्रेलर मागाहून येईल असं कंपनी सांगत होती. तो आला नाही. त्यामुळे राहुरीपासून जिथे जायचं तिथे टिलरमागे चालत जायचं. ट्रॅक्टरवाले धूळ उडवत पुढे जात आणि वळून हात करत. दाजी दुकान बघत. मी मुठी धरायचो आणि आक्का पदर खोचून पुढे चालायची. चार-आठ दिवसांनी तीच मुठी धरू लागली, कारण माझं तास वाकडं यायचं. बाई यंत्र चालवते म्हटल्यावर गर्दी वाढली. आक्काने गर्दीला बाई दाखवली नाही, रान दाखवलं. पातीखालून निघालेली माती मुठीत घेऊन ती लोकांपुढे धरायची आणि गप्प उभी राहायची. लोक माती चुरून बघत, मान डोलावत आणि म्हणत, "काम बेस हाय. पर चालावं लागतं."

देवळालीच्या वाटेवरच्या एका गावात आम्हाला तो शेतकरी भेटला. पन्नाशीचा, बारीक, फारसं न बोलणारा. त्याची बायको त्याच्या वाटचंही बोलायची. दुष्काळात त्यांनी बैलजोडी छावणीत ठेवली होती. घर आणि म्हातारी बघायला नवरा गावात राहिला आणि ही बाई पूर्ण उन्हाळा छावणीत बैलांजवळ राहिली. तिथेच एक बैल बसला तो उठला नाही. दुसरा तिने परत आणला. आता पाऊस चांगला झाला होता, ज्वारीची पेरणी पुढे होती, आणि गोठ्यात एक बैल नि एक रिकामी दावण. दुसरा बैल घ्यावा तर त्या वर्षी बाजारात बैलांना सोन्याचा भाव, शिवाय जुन्याशी जुळेल असा मिळणं आणखी अवघड. टिलरला निदान बँकेचं कर्ज मिळत होतं.

"शेजाऱ्याकडं बी एकच ऱ्हायलाय," बाई म्हणाली. "त्येचा आन् आमचा जुपून बघितला. त्यो वडतो हिकडं, ह्यो वडतो तिकडं. दोन घरचं नवरा-बायकू जुपल्यावानी."

"गप की," नवरा म्हणाला.

"गप कशापायी? खोटं हाय का?"

त्या गावात असे एका बैलाचे गोठे पुष्कळ होते. मला तोवर ते दिसत होते, पण कळत नव्हते. कंपनीच्या पत्रकात गिऱ्हाइकांचे प्रकार दिलेले होते: लहान बागायतदार, फळबागवाला, भाजीपाला करणारा. एक बैल उरलेला माणूस त्यात कुठेच नव्हता. आक्काने मात्र त्या गोठ्यात उभं राहून रिकाम्या दावणीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता दुसऱ्या गावाला जायचं नाही. हितंच."

आम्ही त्यांचं रान फोडून द्यायला रोज जाऊ लागलो. बैल बांधावर बांधलेला असे. पहिल्या दिवशी इंजिनाच्या आवाजाने तो दावं तोडायला निघाला. बाईने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. नंतर हळूहळू त्याने कान हलवणं बंद केलं. पुढे तर यंत्र चालू असताना तो निवांत रवंथ करायचा. नवरा मुठी धरायला शिकला. त्याला चालायचं काही वाटत नव्हतं. जन्मभर तो नांगरामागे चाललाच होता. पण घ्यायचं का, असं आक्काने विचारलं की तो जमिनीकडे बघायचा.

बाईनेच एकदा कारण सांगितलं. "लोक म्हंतील, ह्येला बैल घ्यायची ऐपत न्हाई, ट्रॅक्टर घ्यायची बी न्हाई, म्हून ह्ये अर्धवट आनलं."

म्हणजे खोट यंत्रात नव्हती. ते कुठल्या पंगतीत बसवायचं ते गावाला ठरवता येत नव्हतं. मी अर्थशास्त्राची काही पुस्तकं वाचली होती. मागणी आणि पुरवठा यांबद्दल त्यांत बरंच होतं. पंगतीबद्दल काही नव्हतं.

पोळा जवळ आला. आदल्या वर्षी पोळा झाल्यासारखा झालाच नव्हता, म्हणून या वर्षी गावात उत्साह होता आणि बैल मात्र कमी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. आम्ही रानातून परतताना टिलर तिथे उभा केला, कारण आक्काला पाणी प्यायचं होतं. पारावर मोठा वाद चालू होता. ज्यांची जोडी वेशीच्या तोरणाखालून पहिली जाते ते मानकरी आबा मध्ये बसले होते आणि गावातल्या बागायतदाराचा मुलगा त्यांच्यापुढे उभा होता. त्यांच्या घरी नवा ट्रॅक्टर आला होता.

"आवं आबा, बैल कमी हायेत औंदा. मिरवनूक भरून दिसंल. ट्रॅक्टर येऊ द्या की येशीतनं."

"येऊ दे की," आबा म्हणाले. "पर त्येच्यावर बसून कुनी यायचं न्हाई. पोळ्याला बैलावर बसून कवा कोन गेलंय का? मालकानं अनवानी चालत जायाचं, बैलाच्या बरुबर."

"मग ट्रॅक्टर काय दावं धरून आनू?"

"म्होरं वैरन धर," कुणीतरी म्हणालं. "यील मागनं."

हसणं थांबायला वेळ लागला. मग एकाने आठवण दिली की ट्रॅक्टरचं धुराडं तोरणात अडकेल आणि मानाच्या बैलाआधी तोरण तुटेल.

आमचा शेतकरी पाराच्या टोकाला उभा होता. तो पहिल्यांदाच चारचौघांत बोलला. "माझं काय, आबा? माझा एकलाच हाय."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. "जोडीनं जायाचं आसतं बाबा. एकल्याला घरीच ववाळा. औंदा लई जनांचं तसंच हाय."

शेतकऱ्याने मान हलवली आणि तो वळायला लागला. आक्काने तांब्या खाली ठेवला. पाराखाली उभी राहूनच ती म्हणाली, "आबा, हे यंत्र चालत न्यावं लागतं. याला बसायला जागाच नाही."

दोन महिने हे वाक्य आम्ही जिभेवर येऊ देत नव्हतो. लोकांनी ते म्हणायचं आणि आम्ही विषय बदलायचा. आक्काने ते भर पारावर, स्वतःहून, एखादा गुण सांगावा तसं सांगितलं.

आबा उठून टिलरजवळ आले. त्यांनी मुठी उचलून पाहिल्या. "बसता येत न्हाई?"

"अजिबात नाही."

"मालक मागंच चालतो?"

"चालावंच लागतं. सोडून दिलं तर थांबतं."

आबांनी बराच वेळ दाढी खाजवली. "पोळ्याला बैलाला जू लावीत न्हाईत. ह्येचं काय?"

"पाती काढून ठेवू," आक्का म्हणाली. "उद्या त्याला काम नाही."

"मग येऊ द्या," आबा म्हणाले. "तोरनात तर अडकत न्हाई. तुजा बैल आन् ह्ये, जोडीनं." बागायतदाराचा मुलगा काहीतरी पुटपुटला. आबा त्याला म्हणाले, "तुज्या घरी बी बैल हायेत की. त्येस्नी घिऊन ये, पायानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाती सोडवली. बाईने बैलाची शिंगं हिंगुळाने रंगवली, बेगड लावली, पाठीवर झूल टाकली. मग उरलेला हिंगूळ घेऊन ती टिलरकडे आली आणि थबकली. रंगवायला शिंगं कुठे होती? शेवटी तिने दोन्ही मुठी रंगवल्या. धुराड्याला तिने गोंडा बांधला. तो जळेल असं मी म्हणालो. ती म्हणाली, "जळू द्या. नवा बांधीन."

वेशीपुढे जोड्या रांगेत लागल्या. आबांची जोडी पुढे, आमची बरीच मागे. नवऱ्याने टिलरच्या मुठी धरल्या. बैलाचं दावं कुणी धरायचं यावर कुजबूज झाली, कारण बायका वेशीत ओवाळायला उभ्या असतात, बैल धरायला नाही. बाई म्हणाली, "छावनीत मी राखला. तवा कुनी आलं न्हाई धराया." आणि तिने दावं हातात घेतलं. मी यंत्राशेजारी राहिलो आणि आक्का पलीकडच्या बाजूला. तिचा चेहरा शांत होता, पण पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की ते ओलं झालं होतं. बैल वेशीच्या अरुंद वाटेत बुजला असता तर टिलर विकायचं राहू द्या, चेंगराचेंगरी झाली असती. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

वाजंत्री सुरू झाली. आबांच्या बैलांनी तोरण तोडलं. रांग सरकू लागली. बैल आणि टिलर शेजारी शेजारी चालत होते. एक घंटा वाजवत होता, दुसरा धूर सोडत होता, आणि गोंडा अपेक्षेप्रमाणे जळत होता. लोक हसत होते, पण वाट देत होते. आणि बरोबर वेशीच्या मध्यावर टिलर बंद पडला.

बैल थांबला.

मागच्या जोड्या थांबल्या. वाजंत्रीवाले पुढे गेले होते, त्यामुळे एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत पहिली आरोळी आली, "वैरन टाका त्येला!"

"शेपूट पिळा!"

"जोडीदार बसला वं बाई!"

शेवटच्या वाक्याने बाईचा चेहरा पांढरा झाला. छावणीतही ते असंच कुणीतरी सांगितलं असणार. तिने दावं ओढलं नाही. नवरा शांतपणे मुठी सोडून पुढे आला, त्याने हँडल लावलं आणि मारलं. इंजिन फुरफुरलं आणि गेलं. मी पुढे व्हायला लागलो तर आक्काने माझा दंड धरला. "त्याचं यंत्र हाय," ती म्हणाली. "त्याला चालू करू दे." तोवर त्याने ते घेतलेलं नव्हतं. हे तिनेच ठरवून टाकलं होतं.

बैल उभा होता. त्याने मान वळवून बंद यंत्राकडे पाहिलं. नवरा त्याला म्हणाला, "थांब जरा. आलोच." मग त्याने पुन्हा, अंगातला सगळा जोर लावून हँडल मारलं. इंजिन धडधडलं. नवरा मागे येऊन मुठी धरेपर्यंत बैल जागचा हलला नाही आणि टिलरचं चाक फिरलं त्याच क्षणी त्याने पाऊल उचललं.

मग वेशीत जो गलका झाला तो मी सांगू शकत नाही. बायकांनी त्या जोडीवरून भाकरतुकडा उतरून टाकला. बैलाने यंत्राला जोडीदार मानलं, असं ते गाव अजून सांगतं. माझं मत जरा कोरडं आहे. बाईने दावं ओढलं नाही म्हणून बैल थांबला आणि तिने पाऊल टाकलं म्हणून तो निघाला. पण ते मी तेव्हा बोललो नाही. आक्काचा हात माझ्या दंडावर होता आणि तिची पकड चांगली होती.

दारात बाईने बैलाच्या खुरांवर पाणी घातलं, मग टिलरच्या चाकांवर. बैलाला पुरणपोळी चारली. टिलरच्या वाटची पोळी तिने मला दिली. मग नवऱ्याला विचारलंही नाही आणि आक्काला म्हणाली, "ठिवून जा त्येला. दावनीत जागा हाय."

टिलर त्या रिकाम्या दावणीत नीट मावला. दुसऱ्या दिवसापासून इतर एका बैलाच्या घरची माणसं गोठ्याचं माप मनात धरून आमच्या दुकानी येऊ लागली. कुणी "चालावं लागतं" म्हटलं की दुसरा म्हणे, "मग? बैलामागं काय उडत जात हुतास?" दसऱ्याच्या आत यंत्रं संपली. ट्रॅक्टरसाठी नाव लावलेले लोक नाव लावूनच होते. समोरच्या शेठचं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं नाही आणि आमचं त्याच्याकडे जाणार नव्हतं. एजन्सी आमच्याकडेच राहिली. शेठने पेढे पाठवले. सुटल्याचा आनंद त्याला आमच्याइतकाच झाला असावा.

दसऱ्याला कंपनीचे एक साहेब आले. ही विक्री कशामुळे झाली असं त्यांनी विचारलं. दाजी सांगणार होते, पण साहेबांनीच उत्तर दिलं की उद्घाटन सोहळ्याचा प्रभाव दूरवर पडतो. आक्काने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

ते गेल्यावर थोड्या वेळाने तो पहिला शेतकरी आला. टिलर उत्तम चालला होता, ज्वारी पेरून झाली होती, तक्रार काही नव्हती. तरी तो उभा राहून पायाने जमीन उकरत होता. आक्का म्हणाली, "बोला की भाऊ."

"काई न्हाई, बाई," तो म्हणाला. "पोळा तर झाला. आता त्येला मागं बसाया कायतरी करा की. लई चालावं लागतं."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ट्रंकेवर बसावं लागलं. दाजींनी भिंतीला टेकवलेला एक जुना लोखंडी पाट उचलला, टिलरच्या मागच्या दांड्याशी मनातल्या मनात लावून पाहिला आणि म्हणाले, "होईल. बोल्ट लागतील." मग त्यांनी आक्काला उठवलं आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. ट्रंक भरलेली होती: पट्टे, पाती, वायसर, बोल्ट. आक्काने ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच भरून टाकली होती. पुण्याला न्यायचे कपडे ठेवायला तिच्यात जागा उरलेली नव्हती.